गियरबॉक्स वाटेत, टोमॅटो शेतात

पूर्वी गाडीचा एखादा भाग मोडला, की मिस्तरी सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर त्याचे नाव लिहून देई. ते पाकीट खिशात घालून घरातला एक माणूस पहाटेच्या एस. टी.ने निघे. तालुक्याला मिळाले नाही तर पुणे, पुण्यालाही नाही तर मुंबई, म्हणजे कुर्ल्याचा जुन्या पार्टांचा बाजार. दुकानापुढे दारे, बोनेट, एंजिने, गियरबॉक्स यांचे ढीग. मोडलेला भाग पिशवीतून काढायचा, ढिगातल्या भागाशेजारी ठेवून ताडून बघायचा, शाफ्ट हाताने फिरवून बघायचा, तासभर घासाघीस करायची आणि पोत्यात बांधून रात्रीपर्यंत घरी. एक दिवस जाई, भाडेतोडे जाई, पण वस्तू डोळ्यांदेखत आणि हातात असे.

आता ते पाकीट गेले आणि तो पहाटेचा प्रवासही गेला. मिस्तरी मोबाईलवर फोटो काढतो, घरची शिकलेली पोर नाव टाकून शोधते, आणि पाच मिनिटांत दिल्लीच्या मायापुरीतला, चेन्नईच्या पुदुपेटमधला नाहीतर कोलकात्याच्या मलिक बाजारातला दुकानदार व्हॉट्सॲपवर हजर. किंमतही बहुतेक वेळा नव्याच्या निम्म्याहून कमी. पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या अजून शेतावर राबत आहेत. त्यांचे पुष्कळसे नवे भाग दुकानांत सहजासहजी मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. तेव्हा जुना पार्ट मागवण्यात वावगे काही नाही. अडचण येते ती पुढे. पैसे गेलेले असतात, आणि वस्तू कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नसते.

आमच्या भागातली एक हकीकत सांगतो. जुन्नर तालुक्यातले चार एकरांचे कुटुंब. नवरा-बायको, म्हातारे वडील आणि बारावीला असलेली मुलगी. दीड एकर टोमॅटो. नारायणगावच्या बाजारात माल न्यायला जुनी पिकअप. तोडणी ऐन भरात आली आणि गाडीचा गियरबॉक्स बसला. तिसऱ्या गियरचे दात गेले होते, आतल्या बेअरिंगचा चुरा तेलात उतरला होता. गावच्या मिस्तरीने सांगितले, तालुक्याला एक जण दुरुस्त केलेला गियरबॉक्स तीस हजारांना देतो, चार दिवसांत गाडी रस्त्यावर. मुलीने मोबाईलवर शोधले तर दिल्लीचा एक दुकानदार तसाच जुना गियरबॉक्स बावीस हजारांना द्यायला तयार. आठ हजार वाचत होते. “भाईसाब, आठ दिन में माल आपके घर,” असे तो म्हणाला. पैसे पाठवले.

माल आला तेविसाव्या दिवशी.

टोमॅटो काही गियरबॉक्सची वाट बघत थांबत नाही. दर तिसऱ्या दिवशी तोडा करावाच लागतो. नाही केला तर झाडावरच लाल होऊन पिचतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. या तेवीस दिवसांत सात खेपा भाड्याच्या गाडीने कराव्या लागल्या. खेपेला दीड हजार भाडे. घरची गाडी असती तरी चारशेचे डिझेल जळालेच असते, ते वजा केले तरी खेपेला अकराशे जादा. सात खेपांचे सात हजार सातशे. शिवाय दिल्लीपासूनचे वाहतूक भाडे आणि हमाली मिळून दोन हजार शंभर. बेरीज नऊ हजार आठशे. वाचवायला गेले आठ हजार! आणि भाड्याची गाडी वेळेवर न आल्यामुळे एकदा बाजार उठल्यावर माल पोचला तो वेगळाच.

पण या हकीकतीत मला महत्त्वाचा वाटला तो त्या घरातल्या बाईंनी ठेवलेला हिशेब. प्रत्येक फोन झाला की त्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात दोन शब्द लिहून ठेवत. कोणाशी बोलणे झाले, तो काय म्हणाला. माल आल्यावर त्यांनी तेवीस दिवसांची फोड करून दाखवली. पहिले चार दिवस गियरबॉक्स दुकानदाराकडे नव्हताच. पैसे आल्यावर त्याने तो दुसऱ्याकडच्या गाडीतून उतरवून घेतला. पुढचे तीन दिवस ट्रान्सपोर्टवाल्याने माल परत पाठवला म्हणून गेले, कारण आतले तेल काढलेले नव्हते आणि ते गळून दुसऱ्याच्या कापडाच्या गाठींवर सांडेल अशी त्याला भीती होती. मग पाच दिवस दिल्लीच्या गोदामात, ट्रक भरेपर्यंत. रस्त्यावर चार दिवस. भिवंडीच्या गोदामात चार दिवस. आणि शेवटचे तीन दिवस माल तालुक्याच्या एजन्सीत, म्हणजे घरापासून दहा-बारा मैलांवर पडून होता, कारण बिल्टीवर लिहिलेल्या मोबाईल नंबरातला एक आकडा चुकला होता.

दिल्ली ते पुणे सुमारे चौदाशे किलोमीटरचा रस्ता. तो कापायला लागले चार दिवस. बाकीचे एकोणीस दिवस माल उभाच होता. यातले निम्म्याहून अधिक दिवस पैसे पाठवण्यापूर्वी चार प्रश्न विचारून वाचवता आले असते.

आधी नंबर, मग किंमत

उशीर नको असेल तर सर्वांत आधी चुकीचा पार्ट येणार नाही हे बघावे. चुकीचा पार्ट परत जाऊन बरोबर येईपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो.

गाडीचे नाव सांगून पार्ट मागवणे म्हणजे “आमच्या गावच्या पाटलांना पत्र द्या” असे पोस्टमनला सांगण्यासारखे आहे. एकाच नावाची गाडी दहा-पंधरा वर्षे निघते, आणि त्या काळात कंपनी आतले भाग कितीदा तरी बदलते. कुठे चार गियरचा बॉक्स, कुठे पाच गियरचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. क्लच शाफ्टवरच्या खाचांची संख्या वेगळी असते, स्पीडोमीटरच्या केबलची जागा वेगळी असते, माउंटिंगची भोके अर्ध्या बोटाने सरकलेली असतात.

जीपवाल्यांना याचा अनुभव चांगलाच असेल. आपल्याकडे जीप आली ती १९४७ पासून. महिंद्र यांनी विलीस कंपनीच्या जीपा मुंबईत जोडायला सुरुवात केली तेव्हापासून किती तऱ्हा झाल्या! तिच्या मागच्या धुऱ्यातले क्राउन-पिनियन घ्या. एका प्रकारात पिनियनला आठ दात आणि क्राउनला त्रेचाळीस, दुसऱ्यात आठ आणि एकोणचाळीस. दिसायला भाऊ-भाऊ. पण ज्या जीपची पुढची चाकेही ओढतात, तिच्या पुढच्या आणि मागच्या धुऱ्यातले हे प्रमाण एक नसेल तर चार चाकी गियर टाकल्यावर पुढची चाके एका वेगाने ओढायला बघतात आणि मागची दुसऱ्या. पक्क्या रस्त्यावर शे-दोनशे फुटांत ट्रान्स्फर केस कण्हायला लागते. तेव्हा क्राउन-पिनियन मागवताना दात मोजून सांगावे लागतात. आणि क्राउन आणि पिनियन ही नेहमी जोडीनेच घ्यावी. एक या गाडीचे, एक त्या गाडीचे, असे कधी घेऊ नये. ती एकमेकांवर घासून जुळलेली असतात.

म्हणून मोडलेला भाग आधी खाली उतरवून घ्या. गाडीखाली वाकून काढलेल्या फोटोवरून ऑर्डर देऊ नका. भाग डिझेलने स्वच्छ धुवा. त्यावर ओतीव आकडे असतात, छाप मारलेला नंबर असतो, एखादी पितळी किंवा अल्युमिनियमची पट्टी असते. त्याचा उजेडात फोटो काढा. शेजारी फूटपट्टी ठेवून आणखी दोन फोटो. खाचा मोजा, भोके मोजा. आणि दुकानदाराला सांगा की तुमच्या मालाचेही असेच, त्याच बाजूंनी काढलेले फोटो पाठवा. दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवून मिस्तरीला दाखवा. हे मिस्तरीनेच बघायचे काम आहे. त्याला दोनशे रुपये चहापाण्याला द्यावे लागले तरी ते सत्कारणी.

दुकानदाराने पाठवलेला फोटो खरोखर त्याच्या समोरच्या वस्तूचा आहे का, हे ओळखायचीही एक सोपी रीत आहे. कागदावर आजची तारीख आणि आपल्या गावाचे नाव लिहून तो कागद पार्टवर ठेवून फोटो काढायला सांगा. माल हातात असलेला माणूस दोन मिनिटांत पाठवतो. ज्याच्याकडे माल नाही, त्याला त्या दिवशी नेमके काम असते, दुकान बंद असते, मुलगा बाहेरगावी असतो. आमच्या हकीकतीतले पहिले चार दिवस या एका कागदाने वाचले असते. गियरबॉक्स असेल तर व्हिडिओ कॉलवर शाफ्ट हाताने फिरवून एकेक गियर टाकून दाखवायला सांगावे. आवाज फोनवरही कळतो.

आता जुने काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याबद्दल थोडे. दार, बोनेट, बंपर, दिव्यांचे खोके, सीट, धुऱ्याचे घर, डिफरन्शियल, गियरबॉक्स, स्टार्टर, अल्टरनेटर हे जुने चालते. पाहून घेतले की झाले. पण ब्रेकचे भाग, ब्रेकचे रबरी पाईप, स्टिअरिंगचे बॉलजॉइंट आणि टायरॉड एंड, सीटचे पट्टे ही जुनी वापरू नयेत. कितीही स्वस्त मिळोत. ती कधी दगा देतील हे बाहेरून बघून कोणालाही सांगता येत नाही, आणि बाजारातून परतताना त्याच गाडीत मागे घरची बायामाणसे बसलेली असतात.

पैसे देताना

गियरबॉक्सवर गाडीचा नंबर नसतो, पण एंजिनवर असतो, आणि तो आपल्या आर. सी. बुकात लिहिलेला असतो. एंजिन बदलले तर त्याची नोंद आर. टी. ओ.कडे करून घ्यावी लागते आणि तिथे पक्के बिल दाखवावे लागते. बिल नसलेले एंजिन कितीही स्वस्त असो, हात लावू नये. उत्तर प्रदेशात मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या फोडून त्यांचे पार्ट विकण्यासाठी देशभर कुप्रसिद्ध होता. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तिथली दुकाने बंद पाडली. बाजार बंद झाला म्हणून चोर संपले असे नाही. आणि चोरीचा माल आहे हे जाणून, किंवा तसे वाटायला कारण असून जो घेतो तोही गुन्हेगार ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात तसे आहे. तेव्हा “बिल घेतले तर अठरा टक्के जादा पडतील” असे दुकानदार म्हणाला, तर ते अठरा टक्के द्यावेत. पुढे तक्रार करायची वेळ आली तर ते बिलच उपयोगी पडते.

सगळे पैसे एकदम पाठवू नयेत. जुन्या पार्टांच्या धंद्यात थोडी रक्कम आगाऊ आणि बाकीची बिल्टी झाल्यावर, ही पद्धत रूढ आहे. जो दुकानदार ती नाकारतो आणि “आत्ताच्या आत्ता पूर्ण पाठवा, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे” अशी घाई करतो, त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला तो पार्ट खुशाल नेऊ द्यावा. पैसे पाठवताना खाते दुकानाच्या नावाचे आहे की भलत्याच माणसाच्या, हे पडद्यावर दिसते, ते वाचावे.

काही ठग वेगळ्याच वाटेने येतात. आपण लष्करात जवान आहोत, बदली झाली म्हणून गाडीचे सामान विकतो आहोत, असे सांगतात. ओळखपत्राचा फोटोही पाठवतात. कोणी बिल्टीचाच खोटा फोटो पाठवून उरलेली रक्कम मागतो. बिल्टी आली की त्यावर छापलेल्या नंबराला फोन न करता त्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या आपल्या तालुक्यातल्या कचेरीत जाऊन किंवा फोन करून बिल्टी नंबर तपासून घ्यावा. तिसरी तऱ्हा म्हणजे “तुमचे पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका.” घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः म्हाताऱ्या माणसांनी, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात. असे काही घडले तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता तासाभराच्या आत १९३० या नंबरावर फोन करावा. लवकर कळवले तर पुढच्या खात्यात अडकवून ठेवलेली रक्कम परत मिळण्याचा संभव असतो.

माल कुठे थांबतो

पन्नास किलोच्या आसपासचा गियरबॉक्स कुरिअरचा पोऱ्या मोटारसायकलवर घेऊन येणार नाही. तो ट्रान्सपोर्टने येतो, आणि ट्रान्सपोर्टचा ट्रक काही आपल्या एका नगासाठी निघत नाही. तो भरावा लागतो. आपला नग मोठ्या शहराच्या गोदामात उतरतो, तिथून जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या एजन्सीला जाणाऱ्या छोट्या गाडीत चढतो, आणि ती गाडी रोज निघतेच असे नाही. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस गोदामे कपड्यांनी आणि फटाक्यांनी भरलेली असतात आणि दिवाळीनंतरचा आठवडा हमाल गावी गेलेले असतात. जुलै-ऑगस्टात कुठला घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. तेव्हा दुकानदार आठ दिवस म्हणाला, तर आपण पंधरा धरावेत, आणि सणासुदीला तीन आठवडे. तोवर काय सोय, हे आधी ठरवावे. आमच्या मते हंगाम तोंडावर आला असेल आणि माल नाशवंत असेल, तर तालुक्याचा महागडा पार्टच स्वस्त पडतो. कांदा चाळीत असेल, हरभऱ्याची पोती घरात असतील, तर खुशाल दिल्लीहून मागवा.

आणखी एक कागद मधे आडवा येतो, तो म्हणजे ई-वे बिल. पन्नास हजारांवरचा माल परराज्यातून येत असेल तर ते लागते. त्याला मुदत असते, साधारण दोनशे किलोमीटरला एक दिवस. दिल्लीहून पुण्याला सात-आठ दिवस मिळतात. ट्रक मधेच कुठे रखडला आणि मुदत संपली, तर ती वाढवून घ्यायला संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढाच अवधी असतो. नाही वाढवली तर तपासणीत गाडी अडकते. एंजिन-गियरबॉक्स एकत्र मागवला असेल तर किंमत पन्नास हजारांच्या वर सहज जाते. अशा वेळी ई-वे बिलाचा नंबर आणि मुदत दुकानदाराकडून लिहून घ्यावी आणि माल वाटेत अडला असे दिसले की त्याला मुदतीची आठवण करावी.

माल पाठवण्यापूर्वी दुकानदाराला एवढे सांगून ठेवावे, की आतले तेल पूर्ण काढा, शाफ्टच्या तोंडाला लाकडी गुटका किंवा जाड कापड बांधा, पोत्यात न घालता फळ्यांच्या पेटीत ठोका आणि पेटीवर रंगाने आपले नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि दोन मोबाईल नंबर लिहा. कागदी लेबल पावसात निघून जाते, रंग राहतो. एकच नंबर दिला आणि तो माणूस शेतात रेंजबाहेर असला, की “ग्राहक फोन उचलत नाही” अशी नोंद होते. दुसरा नंबर घरातल्या बाईमाणसाचा किंवा तालुक्याच्या ओळखीच्या दुकानाचा द्यावा. बिल्टीचा फोटो आला की पहिल्यांदा नंबरातला एकेक आकडा वाचून बघावा. आमच्या हकीकतीतले शेवटचे तीन दिवस असेच गेले. बिल्टीवर “टू पे” लिहिले असेल तर भाडे आपण द्यायचे, “पेड” असेल तर ते दिलेले आहे. आधी ठरल्याप्रमाणे आहे का पाहावे, नाहीतर एजन्सीच्या दारात वाद. आणि “गोदाम डिलिव्हरी” असेल तर माल घरी येत नाही, आपणच आणायचा. तो आणायला उशीर केला तर ठरावीक दिवसांनंतर जागाभाडे चढू लागते.

उशीर झालाच तर

फोनवर चिडून उपयोग नाही. दुकानदाराला रोज दहा जण चिडतात, त्याला सवय आहे. बोलणे झाले की लगेच तेच बोलणे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे. परप्रांतातला माणूस असेल तर साध्या हिंदीत. शाळेतली पोरे छान लिहून देतात. मजकूर असा असावा:

“तुम्ही अमुक तारखेला इतके रुपये घेतले. माल आठ दिवसांत पोचेल असे सांगितले होते. आज पंधरावा दिवस आहे. बिल्टी नंबर अमुक. ट्रान्सपोर्टच्या कचेरीत चौकशी केली असता माल अजून दिल्लीतच आहे असे समजले. येत्या अमुक तारखेपर्यंत माल मिळाला नाही तर मला माल नको, पूर्ण रक्कम परत करावी.”

शिवी नको, धमकी नको. तारखा आणि आकडे तेवढे हवेत. आमच्या त्या बाईंनी कॅलेंडरवरच्या नोंदींवरून असाच एक लांबलचक निरोप मुलीकडून लिहून घेतला. सहा तारखा, सहा वाक्ये. तेवीस दिवस “हो जाएगा” म्हणणाऱ्या दुकानदाराने तो वाचून वाहतूक भाड्याचे सोळाशे रुपये आपणहून परत केले. फार मोठी रक्कम नव्हे, पण ती भांडून मिळाली नव्हती.

कायदाही आपल्या बाजूने आहे, आणि तो आपल्या लोकांना फारसा माहीत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली नवा झाला आणि जुलै २०२० मध्ये ऑनलाइन खरेदीसाठी वेगळे नियम आले. दाखवले त्यापेक्षा वेगळी किंवा सदोष वस्तू आली, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आली, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नाही म्हणता येत नाही. पूर-भूकंपासारखे कारण असेल तर उशिराची गोष्ट निराळी. मोठ्या ऑनलाइन बाजारातून घेतले असेल तर त्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रार मिळाल्याचे ४८ तासांत कळवले पाहिजे आणि महिन्याच्या आत निकाल दिला पाहिजे. म्हणूनच “आठ दिवसांत” हे शब्द तोंडी न ठेवता लिहून घ्यायचे. मुदतच कुठे लिहिलेली नसेल तर उशीर झाला हे कशावरून म्हणणार?

तेवढ्यानेही भागले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येते. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी दिल्लीला जायला नको. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असे नाही, आणि ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही ती दाखल होते. मुदत दोन वर्षांची. समोरचा पक्ष “गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही” असा मुद्दा काढू शकतो. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने धंद्याची धरली जात नाही, हे तिथे सांगावे. मात्र एखाद्या खाजगी माणसाने आपल्या घरच्या गाडीचा पार्ट मोबाईलवर जाहिरात टाकून विकला असेल, तर तो दुकानदार नव्हे, आणि त्याच्याविरुद्ध या नियमांचा आधार मिळत नाही. अशाकडून घ्यायचे तर जवळपासच्या गावातलेच घ्यावे आणि स्वतः जाऊन बघून घ्यावे.

माल हाती येतो तेव्हा

एजन्सीचा माणूस कागद पुढे करतो आणि म्हणतो, “करा सही.” बायका-पोरे टेम्पोत बसलेली असतात, ऊन असते, सही होऊन जाते. पेटी फुटलेली असेल, एका बाजूने तेलाने भिजलेली असेल, तर सहीच्या आधी त्याच कागदावर “पेटी फुटलेल्या स्थितीत मिळाली” असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि त्याचा फोटो घ्यावा. पेटी उघडताना एकाने मोबाईलवर चित्रण करावे. आधी बंद पेटी आणि तिच्यावरचे नाव, मग उघडताना, मग पार्टवरचा नंबर, मधे न थांबवता. वाहतुकीत माल फुटला किंवा हरवला असेल तर रस्तावाहतुकीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे ट्रान्सपोर्ट कंपनीला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल बुक झाल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. मालाची जास्त किंमत बुकिंगच्या वेळी जाहीर करून त्याचा जादा दर भरलेला नसेल, तर त्यांची जबाबदारी मर्यादितच राहते. महाग एंजिन मागवताना दुकानदाराला हे आधीच सांगून ठेवावे.

गियरबॉक्स गाडीवर चढवण्यापूर्वी त्याचे झाकण उघडून आत बघावे आणि तेलाचे सील, गॅस्केट नवीन घालावे. ही दोन्ही स्वस्तातली आहेत, पण नंतर घालायची म्हटले तर बॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी पडते. क्लच प्लेट अर्धी झिजलेली असेल तर तीही याच वेळी बदलावी.

आणि आपला जुना मोडका गियरबॉक्स लगेच भंगारवाल्याच्या काट्यावर टाकू नये. दारावर हाळी देत येणारा तो भंगारवाला दर मोठा सांगतो आणि घाईही तितकीच करतो. नवा आणलेला बॉक्स मालाच्या चार-पाच भरल्या खेपा ओढून, घाट चढून-उतरून दाखवीपर्यंत जुना गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली राहू द्यावा. त्यातले घर शाबूत असते, दोन-तीन गियर चांगले असतात, काटे आणि शाफ्ट उपयोगी पडतात. त्या जुन्नरच्या कुटुंबाने तसा ठेवला होता. दीड महिन्याने दिल्लीहून आलेल्या बॉक्सची रिव्हर्स गियरची दांडी अडखळू लागली, तेव्हा मिस्तरीने ती गोठ्यातल्या जुन्या बॉक्समधून काढून बसवली. एका दुपारचे काम झाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी नारायणगावला वेळेवर पोचली.